तहान आणि खमीर

गेल्या वर्षी आमच्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. तास सुरू होऊन दहा मिनिटे होत नाहीत तोच त्याचा हात वर. "पाणी पिऊन येऊ का?" परत आला की थोड्या वेळाने, "लघवीला जाऊ का?" आम्ही दोन-तीन दिवस सोडले, मग रागावलो. एक दिवस तर त्याची पाण्याची बाटलीच टेबलावर काढून ठेवली. अभ्यास चुकवण्याचा बहाणा, असे आम्हांला वाटले.

दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी शाळेत आली. हातात डॉक्टरांचे कागद होते. "मॅडम, तुम्ही त्याला मारा, रागवा, पण पाणी बंद करू नका. रात्री आम्ही दोघं आळीपाळीनं उठून त्याला पाणी देतो." कागदावर लिहिले होते : नेफ्रोजेनिक डायबेटिस इन्सिपिडस. नावात डायबेटिस आहे, पण साखरेशी या आजाराचा काही संबंध नाही. त्या मुलाची साखर ठीकच होती. त्याची किडनी पाणी धरून ठेवू शकत नव्हती, एवढेच.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. मग या आजाराबद्दल जे मिळेल ते वाचायला घेतले. वाचता वाचता आम्ही थेट खमिरापर्यंत येऊन पोहोचलो. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. लघवीवाटे जाते ते साधारण दीड-दोन लिटर. बाकीचे सगळे पाणी शरीर परत घेते. ते परत घेतले जाते पेशींच्या पडद्यातून. हा पडदा चरबीचा असतो, आणि तेल व पाणी एकत्र येत नाहीत हे स्वयंपाकघरात कोणाला सांगावे लागत नाही. मग पाणी एवढ्या वेगाने आत जाते कसे?

१९९२ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील पीटर अ‍ॅग्रे यांच्या गटाने याचे उत्तर दिले. तांबड्या रक्तपेशींत सापडलेले एक प्रथिन त्यांनी बेडकाच्या अंड्यांत तयार करवून घेतले. ती अंडी कमी क्षारांच्या पाण्यात ठेवताच भराभर फुगली आणि फुटली. साधी अंडी मात्र तशीच राहिली. म्हणजे हे प्रथिन पडद्यातला पाण्याचा दरवाजा होते. अशा दरवाज्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. एका दरवाज्यातून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे कण जाऊ शकतात. या शोधासाठी अ‍ॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

माणसाच्या शरीरात हे दरवाजे तेरा प्रकारचे आहेत. किडनीत पाणी वाचवण्याचे शेवटचे काम दोन नंबरचा दरवाजा करतो. शरीरात पाणी कमी झाले की मेंदूकडून व्हासोप्रेसिन नावाचा निरोप येतो. मग पेशीच्या आत साठवलेले दरवाजे पडद्यावर येऊन बसतात. काही मुलांत जन्मतःच हा निरोप घेणारी जागा बिघडलेली असते, आणि अशांची संख्या जास्त आहे. काहींत दरवाजाच बिघडलेला असतो. पाणी वाहून जाते, आणि मोठ्या माणसाला दिवसाला दहा लिटर किंवा त्याहूनही जास्त लघवी होऊ शकते.

दरवाजा नेमका कोठे बिघडला हे कळायचे तर आधी चांगला दरवाजा कसा दिसतो ते पाहायला हवे. तो साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही. त्याचे शुद्ध प्रथिन बरेच जमवावे लागते, त्याचे स्फटिक करावे लागतात, मग त्यांवर क्ष-किरण सोडून आकार काढावा लागतो. एक नंबरच्या दरवाज्याचे काम सोपे होते, कारण तो रक्तात भरपूर असतो. पण किडनीतले प्रथिन आणायचे कोठून? माणसाच्या किडन्या काही अशा कामाला मिळत नाहीत.

इथे खमीर कामाला आले.

आपल्या घरात नान किंवा खमिरी रोटीसाठी ज्याने पीठ फुगते, त्या खमिरात यीस्ट नावाचे एकपेशीय जीव असतात. एवढासा जीव, पण त्याच्या पेशीची मांडणी जिवाणूंपेक्षा आपल्या पेशीला जवळची. प्रथिनाची नीट घडी घालणारी आणि ते पडद्यात बसवणारी व्यवस्था त्याच्याकडे आहे. शिवाय ते झपाट्याने वाढते आणि त्याचे खाणे स्वस्त असते. माणसाच्या पेशी बाटलीत वाढवणे फार नाजूक आणि खर्चाचे काम आहे.

शास्त्रज्ञांनी माणसाच्या दरवाज्याचे जनुक पिचिया या यीस्टमध्ये घातले. पिचिया म्हणजे आपल्या खमिराचे भावकीतले. त्याला मिथेनॉल दिले की ते घातलेल्या जनुकाचे काम सुरू करते. आधी यीस्ट भरपूर वाढवायचे, मग मिथेनॉल द्यायचे. नंतर यीस्टचे कठीण कवच फोडून पडदे वेगळे करायचे, साबणासारख्या सौम्य द्रव्याने त्यांतून प्रथिन सोडवून घ्यायचे. साबण कडक झाला तर प्रथिनाची घडी मोडते आणि सारी मेहनत वाया जाते. सबर हाच या कामाचा अर्धा भाग आहे.

या रीतीने पाच नंबरच्या, म्हणजे लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींतल्या दरवाज्याचा आकार स्वीडनमधील संशोधकांनी २००८ साली मांडला. किडनीतल्या दोन नंबरचा आकार २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यामुळे या आजारात प्रथिनातला कोणता भाग बदलतो, तो आकारात नेमका कोठे बसतो, हे डोळ्यांसमोर आले. यातले बरेच बदल प्रथिनाची घडी बिघडवतात. मग पेशी ते सदोष समजून आतच अडवून ठेवते आणि दरवाजा आपल्या जागी पोहोचतच नाही.

याने तो मुलगा उद्या बरा होईल असे नाही. आकार कळणे ही औषधाच्या वाटेवरची पहिली पायरी. पण यीस्टची करामत आपल्या घरात आधीच पोहोचलेली आहे. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर हिपॅटायटिस बी लिहिलेले असते ना, त्या लसीतले प्रथिन सहसा यीस्टमध्येच तयार होते.

माता-पित्यांना आणि आमच्या शिक्षक बंधू-भगिनींना एवढेच सांगायचे आहे. मूल सारखे पाणी मागत असेल, सारखे लघवीला जात असेल, रात्रीही उठत असेल, तर रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आधी साखर तपासून घ्या, कारण मुलांनाही मधुमेह होतो. आणि तपासणी होईपर्यंत त्याचे पाणी तोडू नका. या आजारात पाणी तोडणे जिवावर बेतू शकते.

तो मुलगा आता सातवीत आहे. त्याची बाटली त्याच्याच बाकावर असते. रिकामी झाली की तो न विचारता उठतो, भरून आणतो. आम्ही फळ्यावर लिहीत राहतो.