मोजणारा कोणाचा?

सडक अर्जुनीचं नाव घेतलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक हायवे आणि दुसरं धान. हिऱ्याशी आमचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. पण आमच्याकडून अर्जुनी मोरगाव, वडसा, आरमोरी करत पुढे गेलं की वैरागड लागतं. आज तिथला पडका किल्ला बघायला लोक जातात. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त मात्र या गावाची नोंद हिऱ्याच्या खाणीसाठी झालेली आहे! आणि त्याच्याही हजारेक वर्षं आधी वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त हिऱ्याचं वजन सांगितलं ते तांदळाच्या दाण्यांत. आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ, आणि वीस तांदळांच्या हिऱ्याची किंमत दोन लाख. म्हणजे हिरा आणि तांदूळ हे नातं जुनंच आहे. तेव्हा धानाच्या पट्ट्यातल्या पोरानं हिऱ्यावर चार शब्द लिहिले तर कोणी हसू नये.

माझा मुद्दा साधा आहे. माल ज्याचा, त्यानंच त्याला मार्क द्यायचे नाहीत.

आपल्या भाषेत सांगतो. प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल का बोलावतात? आपले सर वाईट आहेत म्हणून नाही. घरच्या माणसानं दिलेल्या मार्कांवर बाहेरचा विश्वास ठेवत नाही म्हणून. हिऱ्याचंही तेच आहे. सोनं कसोटीच्या दगडावर घासून सराफ निदान अंदाज तरी सांगतो. हिऱ्यात तुम्हाला-मला काहीच कळत नाही. सारख्याच वजनाचे, सारखेच चमकणारे दोन खडे, आणि किमतीत कित्येक पटींचा फरक! मग भरवसा कागदावरच ठेवावा लागतो.

हा कागद तयार कसा होतो तेही बघा. १९३१ साली अमेरिकेत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए, स्थापन झाली. तोवर व्यापारी आपापल्या मनानं ए, डबल ए, ट्रिपल ए अशी लेबलं लावत. तो गोंधळ नको म्हणून १९५३ मध्ये जीआयएनं रंगाची जी पट्टी आणली ती मुद्दाम ‘डी’पासून सुरू केली आणि ‘झेड’पर्यंत नेली. रंग बघताना खडा उलटा ठेवून नमुन्याच्या खड्यांशी ताडून बघतात. आतले डाग दहा पट भिंगातून बघून त्याचे अकरा दर्जे ठरवतात. वजन कॅरटमध्ये, एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. यातलं वजन यंत्र सांगतं, पण रंग आणि स्वच्छता ठरवण्यात माणसाच्या डोळ्याचा भाग मोठा असतो. म्हणूनच चांगल्या लॅबमध्ये खडा कोणाचा आहे हे तपासणाऱ्याला कळू देत नाहीत, आणि एकाहून जास्त जण तो स्वतंत्रपणे बघतात.

आता कोणी म्हणेल, मग झालं की! लॅब आहे, कागद आहे, अडचण कुठे आहे?

अडचण अशी की तपासणीची फी बहुतेक वेळा विकणाराच भरतो. २००५ मध्ये खुद्द जीआयएवर आरोप झाले, चौकशी झाली आणि चार कर्मचाऱ्यांना घरी जावं लागलं. २०१४ मध्ये हिऱ्यांच्या व्यापारातल्या रॅपनेट या मोठ्या यादीनं ईजीएल या नावाचे रिपोर्ट असलेले खडे घेणंच बंद केलं. कारण काय, तर अक्षरं तीच, पण जीआयएच्या मानानं हात सैल. म्हणजे ‘सर्टिफिकेट आहे’ एवढं म्हणून भागत नाही. कोणाचं आहे, हा खरा प्रश्न.

आमच्याच नात्यातली गोष्ट. एका लग्नात धानाच्या पैशातून हिऱ्याची अंगठी घेतली गेली. सोबत चकचकीत कार्ड, त्यावर मोठमोठी अक्षरं. पुढे दवाखान्याचा खर्च निघाला तेव्हा अंगठी मोडायला काढली. कार्डावर शिक्का दुकानाचाच, रिपोर्ट नंबर नाही, लॅबचं नाव नाही. दुसऱ्या कोणत्याही दुकानानं त्या कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. सोन्याचे पैसे मिळाले, खड्याचे जवळपास शून्य. श्रीमंताला असा फटका बसला तर तो विसरून जातो. आमच्याकडे दागिना म्हणजे हौस कमी आणि अडीअडचणीची बँक जास्त.

सोन्याच्या बाबतीत आता परिस्थिती सुधारली आहे. १६ जून २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्यानं लागू होत गेली. सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी मोबाईलवरच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की दागिन्याची माहिती समोर येते. हिऱ्याला अशी सरकारी सक्ती नाही. त्यात आता लॅबमध्ये वाढवलेले हिरे आले. तेही कार्बनच, तेही हिरेच. नुसत्या भिंगानं नैसर्गिक कोणता आणि कारखान्यातला कोणता हे सांगता येत नाही, त्याला यंत्रंच लागतात. ऑक्टोबर २०२५ पासून जीआयएनं अशा हिऱ्यांना जुनी अक्षरं देणंच थांबवलं आणि ‘प्रीमियम’ व ‘स्टँडर्ड’ अशा दोनच पायऱ्या ठेवल्या. तेव्हा स्वतंत्र तपासणीची गरज कमी नाही, वाढतच चालली आहे.

लहान खड्यांना लॅबची फी परवडत नाही, हे मला मान्य आहे. मग निदान बिलावर वजन, दर्जा आणि नैसर्गिक की लॅबमधला हे स्पष्ट लिहून द्यावं. मोठा खडा असेल तर रिपोर्ट नंबर लॅबच्या साईटवर टाकून बघावा. खड्याच्या कडेवर लेसरनं नंबर कोरलेला असेल तर तोही जुळवावा. आणि लॅबचे खडे अधूनमधून दुसऱ्या लॅबनं न सांगता तपासावेत, निकाल जाहीर करावेत. एक्स्टर्नललाही मॉडरेशन असतंच ना!

राजेहो, हा प्रश्न हिऱ्यापुरता नाही. आधारभूत केंद्रावर धान नेलं की ओलावा १७ टक्क्यांच्या आत लागतो. मीटर घेणाऱ्याच्या हातात, आकडा त्यानंच वाचायचा, शेतकऱ्यानं ऐकायचा. हिऱ्यात विकणारा मोजतो, धानात घेणारा. दोन्हीकडे ज्याचं पोट त्या आकड्यावर आहे तो मात्र बाजूला उभा. तिथेही मीटर वेळोवेळी तिऱ्हाइताकडून तपासलेला असावा आणि आकडा शेतकऱ्याला स्वतः वाचता यावा, ही मागणी काही जास्त नाही.

आपल्यापैकी कितीतरी जण उद्या क्वालिटी कंट्रोलमध्ये, टेस्टिंग लॅबमध्ये लागतील. काँक्रीटचे क्यूब फोडतील, गेज कॅलिब्रेट करतील, खाली सही करतील. आज जर्नलमध्ये रीडिंग ‘अॅडजस्ट’ करायची सवय लागली तर त्या दिवशी हात अडखळणार नाही. म्हणून सांगतो, पुढच्या प्रॅक्टिकलला ग्राफ सरळ आला नाही तर येऊ द्या वाकडा. जे दिसलं तेच लिहा.