तारण: पतसंस्थेतलं आणि चर्चमधलं

मागच्या जूनमध्ये माझ्या फीसाठी आईने दोन बांगड्या पतसंस्थेत ठेवल्या. अर्ज मीच भरला. त्यात एक रकाना होता, 'तारण'. पुढे लिहिलं: सोन्याच्या बांगड्या, नग २. त्याच रविवारी मिस्साला फादर प्रवचनात 'आपलं तारण' म्हणाले आणि मला आईचे मोकळे हात आठवले. शब्द एकच, अर्थ दोन. पण मी मात्र इतकी वर्षं दोन्हींचा अर्थ एकच धरून चालले होते.

उपवासकाळ आला की माझा हिशेब सुरू व्हायचा. शुक्रवारी मटण नाही, चाळीस दिवस चॉकलेट नाही, रोज रोझरी. जणू स्वर्ग गहाण पडलाय आणि हप्ते भरून तो सोडवायचाय!

ही ऋणाची भाषा जुनीच आहे. ११व्या शतकाच्या अखेरीस संत अन्सेल्म यांनी मांडलं की पापामुळे माणसावर जे ऋण चढलं, ते फेडायची त्याची ऐपतच नाही. म्हणून देव स्वतः माणूस झाला. आपण यातलं 'ऋण' तेवढं लक्षात ठेवतो आणि 'ऐपत नाही' हे सोयीस्कर विसरतो. जे आपल्याला फेडताच येत नाही, त्याचे हप्ते कसले भरायचे?

१९४१ सालची ऑशविट्झच्या छळछावणीतली गोष्ट घ्या. एक कैदी पळाला म्हणून दहा जणांना उपाशी मारायचं ठरलं. त्यातला फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक बायको-मुलांच्या आठवणीने रडू लागला, तेव्हा मॅक्सिमिलियन कोल्बे हे पोलिश धर्मगुरू रांगेतून पुढे आले आणि त्यांनी त्याची जागा घेतली. १४ ऑगस्टला त्यांना इंजेक्शन देऊन मारलं. गायोव्हनिचेक त्यानंतर ५३ वर्षं जगला. १९८२ मध्ये कोल्बेंना संत घोषित केलं, तेव्हा तो तिथे हजर होता. एवढ्या वर्षांत त्याने कोल्बेंचं काय फेडलं? काहीच नाही. फेडता येण्यासारखं ते नव्हतंच. तो जगला आणि ती गोष्ट सांगत राहिला. तारण म्हणजे काय, हे मला त्या माणसाकडे बघून कळतं.

आता दुसरी बाजू. कोल्बे स्वतः पुढे आले, त्यांना कोणी ढकललं नाही. योहानाच्या शुभवर्तमानातला येशूही आपला प्राण स्वतःहून देतो. मराठीत बळी देणं, बळी जाणं आणि बळी घेणं यांत फरक आहे. आपण मात्र पुष्कळदा दुसऱ्याचा बळी घेतो आणि त्याला त्याग म्हणतो. 'आई म्हणजे त्यागाची मूर्ती' असं भाषणात म्हणतो, पण घरात अडचण आली की तिच्याच बांगड्या आधी का उतरतात, हे विचारत नाही. सोसणाऱ्या बाईला 'हा तुझा क्रूस' असं सांगणं फार सोपं असतं. माझं मत स्पष्ट आहे: क्रूस आपण उचलायचा असतो, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा नसतो.

मी आईला विचारलंच, "कुणी मागितल्या होत्या का गं?"

"मागायला कशाला पाहिजे? मला द्यायच्या होत्या," ती म्हणाली. "आणि तू फेडशील म्हणून नाही हं दिल्या."

मला बरं वाटलं. आणि घरात दुसऱ्या कुणाला काही द्यायचं सुचलं नाही, मलासुद्धा, याची लाज वाटली.

या उपवासकाळात मी काहीच सोडलेलं नाही. संध्याकाळी शेजारच्या दोन मुलांची शिकवणी घेते आणि ते पैसे पतसंस्थेत भरते. हे आईचं ऋण फेडणं नव्हे, ते फिटणारही नाही. ईस्टरला तिच्या हातात बांगड्या दिसाव्यात, एवढंच मला वाटतं.