सवलत नेमकी कोणास?

नगररचनेंत स्त्रिया व वृद्ध यांच्या गरजांचा विचार व्हावा, असें कोणी म्हणतांच एक ठराविक आक्षेप पुढें येतो: रस्ते सर्वांचे आहेत, मग कांहींजणांसच खास सवलत कां? हा पूर्वपक्ष वरवर न्यायाचा दिसतो. परंतु आजचें शहर सर्वांसाठीं बांधलेलें आहे, हें त्याच्या मुळाशीं असलेलें गृहीतच आम्हांस मान्य नाहीं.

पादचारी पुलाचेंच उदाहरण घ्यावें. मोटारीस क्षणभर थांबावें लागूं नये म्हणून सत्तरीच्या म्हातारीनें दोन मजल्यांएवढा जिना चढावा आणि पुन्हां उतरावा, अशी ही योजना! सवलत मिळाली ती मोटारवाल्यास. तिची किंमत मात्र म्हातारीच्या गुडघ्यांनीं भरली. आणि यासच आपण सुधारणा म्हणतों.

नियम नाहींत, असेंहि नाहीं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक सूत्रांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर व कडेची उंची फार तर १५० मिलिमीटर सांगितली आहे. प्रत्यक्षांत त्या रुंदींत विजेची पेटी उभी असते, उभ्या केलेल्या दुचाक्या असतात, आणि कडा तर पायरीसारखी उंच! मग काठी टेकणारा वृद्ध व कडेवर मूल घेतलेली आई भर रहदारींत उतरतात, आणि दोष येतो तो त्यांच्याच बेशिस्तीवर.

स्वच्छतागृहांची कथा याहून लाजिरवाणी आहे. पुरुषांस मुतारी फुकट आणि स्त्रियांस मात्र पैसे, या अन्यायाविरुद्ध मुंबईंत २०११ सालीं ‘राइट टु पी’ ही चळवळ उभी राहिली. पुढें पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं महापालिकांस स्त्रियांसाठीं रस्त्यांलगत स्वच्छ प्रसाधनगृहें उभारण्याविषयीं आदेश दिले. जी सोय पुरुषांस कधीं मागावीहि लागली नाहीं, तिच्यासाठीं स्त्रियांना न्यायासनापुढें जावें लागलें. तरी विचारावयाचें कीं सवलत कोणास!

पैसा नाहीं, हें उत्तरहि टिकत नाहीं. उड्डाणपुलांस जो पैसा सांपडतो, तो पदपथाची कडा उतरती करतांनाच कसा आटतो? आमचें मागणें साधें आहे. नव्या पदपथाचें बिल मंजूर होण्यापूर्वीं अभियंत्यानें त्यावरून आपल्या वृद्ध आईस एकदां चालवून पाहावें. आणि ती अडखळली, तर बिल परत पाठवावें.