मुखवट्यांची रांग, हातोड्यांची कवायत : 'द वॉल'मधली प्रतीके नीट वाचूया

परीक्षांचे दिवस आले की मोबाइलवर एक जुना व्हिडिओ हमखास फिरू लागतो. एकसारखे गुलाबी मुखवटे चढवलेली शाळकरी मुले एका तालात चालत येतात आणि एका प्रचंड यंत्राच्या तोंडात पडतात. खालून खिमा बाहेर येतो. सोबत कुणीतरी लिहिलेले असते, 'शाळा हवीच कशाला?' पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे हे गाणे, 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग. गाणे १९७९ चे आणि ही दृश्ये ॲलन पार्कर यांच्या १९८२ च्या 'पिंक फ्लॉइड : द वॉल' या चित्रपटातली.

हा व्हिडिओ पाहताना आम्हाला नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते. ज्यांच्या घरात 'शिका' हा पहिला मंत्र आहे, ज्यांच्या आजोबांना वर्गाबाहेर बसवले गेले, त्यांनी 'शिक्षण नको' म्हणणाऱ्या गाण्यावर मान डोलवायची कशी? पण गाणे खरोखर तेच म्हणते का, हे आधी पाहिले पाहिजे.

मुले यंत्रात पडण्याआधी चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे. पिंक नावाचा मुलगा वर्गात चोरून कविता लिहितो. मास्तर वही हिसकावतात, ती मोठ्याने वाचून त्याची टर उडवतात आणि छडीने मारतात. मग हेच मास्तर घरी जेवायला बसलेले दिसतात. बायको नजरेच्या धाकाने त्यांना मांसाचा चिवट तुकडा गिळायला लावते आणि तो अपमान ते मुलांच्या पाठीवर उतरवतात. वरून मार खायचा आणि खाली द्यायचा. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेची जी मांडणी केली, ती वाचलेल्या माणसाला ही साखळी ओळखायला वेळ लागत नाही. इंग्लंडमधली शाळा म्हणजे जातिव्यवस्था नव्हे, हे मान्य. पण प्रत्येकाला तुडवायला आपल्याखाली कुणीतरी मिळाले की व्यवस्था आपोआप टिकते, हे दोन्हीकडे सारखेच. (चित्रपटातल्या जवळपास सगळ्या बायका राक्षसीण म्हणूनच का दाखवल्या आहेत, हा प्रश्न मात्र आम्हाला खटकत राहतो.)

म्हणजे रोख शिक्षणावर नाही, सगळ्यांना एकाच साच्यात दाबणाऱ्या शिकवणीवर आहे. गंमत अशी की हे गाणे एका चांगल्या शिक्षकामुळेच तयार झाले. त्यातला मुलांचा आवाज लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या विद्यार्थ्यांचा आहे. तिथले संगीत शिक्षक ॲलन रेनशॉ त्यांना ध्वनिमुद्रणासाठी घेऊन गेले होते. शाळेला १००० पौंड मिळाले. गाणे जगभर गाजले, पण गाणाऱ्या मुलांना मानधनाच्या हक्कासाठी पुढे कित्येक वर्षांनी दाद मागावी लागली. वस्तीतल्या मुलांच्या आवाजावर नाव दुसऱ्याचे होते, हे आपल्याला नवीन नाही.

या गाण्याचा सर्वात अचूक अर्थ लावला तो दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांनी. तिथे १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांसाठी वेगळे आणि मुद्दाम हलक्या दर्जाचे शिक्षण ठरवून दिले होते. १९७६ मध्ये आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध सोवेटोची मुले रस्त्यावर आली आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. १९८० च्या शाळा बहिष्कारात हेच गाणे विद्यार्थ्यांच्या तोंडी आले आणि त्या वर्षी मे महिन्यात वर्णद्वेषी सरकारने त्यावर बंदी घातली. ही मुले शाळा नको म्हणत नव्हती. गोऱ्या मुलांना मिळते तसे शिक्षण मागत होती, गुलाम घडवणारे नको म्हणत होती. 'शाळा हवीच कशाला' लिहून व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

चित्रपटातले धर्माचे प्रतीक याहून बोचरे आहे. गीतकार रॉजर वॉटर्स यांचे वडील १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा ते काही महिन्यांचे होते. चित्रपटात आई चर्चमध्ये प्रार्थना करते आणि लहानगा बाजूला खेळण्यातले विमान उडवत बसतो. जेराल्ड स्कार्फ यांनी केलेल्या ॲनिमेशनमध्ये बॉम्बफेकी विमानांचे क्रूस होतात. ब्रिटनचा झेंडा तुटत तुटत रक्ताळलेला क्रूस उरतो आणि ते रक्त गटारात वाहून जाते. मेलेल्या बापाच्या बदल्यात घराला काय मिळाले, तर राजाच्या सहीचा शिक्का मारलेला एक कागद. धर्म आणि राष्ट्र मिळून मरणाला पवित्र ठरवतात तेव्हा दुःख करायचीही सोय राहत नाही, असे त्या दृश्यांतून आम्हाला दिसते.

शेवटी हाच पोरका मुलगा रॉकस्टार होतो आणि गाण्याच्या कार्यक्रमाची सभा होते. लाल-काळे झेंडे, एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे, एका तालात उठणारे हात. स्टेजवर देव, खाली भक्त. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला होता, की ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, त्याचे हे चित्र म्हणता येईल. शाळेत मुखवटा घालायला शिकलेला माणूस सभेत तो आपणहून चढवतो.

पण प्रतीकांचा भरवसा नसतो. फॅसिझमची थट्टा म्हणून काढलेले ते हातोडे अमेरिकेतल्या 'हॅमरस्किन्स' या नवनाझी टोळीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपले चिन्ह म्हणून उचलले. उलट, मे २०२३ मध्ये बर्लिनच्या कार्यक्रमात वॉटर्स तोच काळा कोट आणि दंडावर लाल पट्टी घालून उभे राहिले, तेव्हा पोलिसांनी चौकशी सुरू केली. हा पोशाख फॅसिझमच्या विरोधातच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वॉटर्स यांच्या इतर राजकीय भूमिकांबद्दल मतभेद असू शकतात, आमच्यातही आहेत. पण एकच चिन्ह एकाला इशारा वाटते आणि दुसऱ्याला झेंडा, हे इथे उघड दिसते. म्हणून तीस सेकंदांची क्लिप पाहून अर्थ लावू नये.

त्या तीस सेकंदांत न येणाऱ्या दोन गोष्टी आहेत. मुले मुखवटे फाडतात, बाके मोडतात, शाळा पेटवतात, पण हे सगळे पिंकचे दिवास्वप्न असते. पुढच्याच क्षणी तो पुन्हा वर्गात बसलेला असतो. आणि चित्रपटाच्या अगदी शेवटी, भिंत कोसळल्यावर, काही लहान मुले ढिगाऱ्यातल्या विटा गोळा करताना दिसतात. त्यातल्या एका पोराच्या हाती पेट्रोल बॉम्बची बाटली लागते. तो तिच्या तोंडातला बोळा काढतो आणि आतले सगळे जमिनीवर ओतून देतो.