राजधानी सोडताना : नागपूर की इंदूर?

१८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीच्या हवेचा गुणवत्ता निर्देशांक ४९४ वर पोहोचला. या मोजपट्टीची कमाल मर्यादाच ५०० आहे. शाळांचे वर्ग ऑनलाइन भरवावे लागले, बांधकामे थांबविण्यात आली आणि वाहनांवर निर्बंध आले. ही स्थिती अपवादात्मक राहिलेली नाही. दिवाळी सरली की राजधानीतील अनेक घरांत एकच विषय निघतो : दिल्ली सोडावी काय, आणि सोडली तर कोठे जावे?

दिल्लीतील मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न अधिक ठळकपणे उभा राहतो. यांपैकी बरीच कुटुंबे केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त येथे आली. पहाडगंज, करोल बाग या भागांत त्यांनी वस्ती केली, मुलांसाठी शाळा चालविली, मंडळे स्थापन केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले, त्यामागे हीच जुनी वस्ती होती. परंतु सरकारी निवासस्थान निवृत्तीनंतर काही महिन्यांतच सोडावे लागते. मुंबई-पुण्यातील घरांच्या किमती अनेकांच्या आवाक्याबाहेर आहेत. अशा वेळी देशाच्या मध्यभागी असलेली दोन शहरे समोर येतात : नागपूर आणि इंदूर.

२०११ च्या जनगणनेनुसार नागपूरची लोकसंख्या सुमारे २४ लाख, तर इंदूरची सुमारे २० लाख होती. दोन्ही शहरांतून दिल्लीला थेट विमानसेवा आहे, दोन्हीकडे आयआयएम आहे आणि दोन्हीकडे मराठी कानावर पडते. वरवर पाहता निवड सोपी वाटते. मात्र ती बहुधा क्रमवारीच्या बातम्या वाचून किंवा डिसेंबरातील एखाद्या भेटीवरून केली जाते. शहराची खरी परीक्षा त्याच्या सर्वांत कठीण महिन्यात होते, आणि त्या परीक्षेत ही दोन शहरे वेगवेगळ्या विषयांत कच्ची ठरतात.

राजधानीपद हुकलेली शहरे

या दोन शहरांचे आजचे स्वरूप समजण्यासाठी १९५६ सालापर्यंत मागे जावे लागते. नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि पुढे जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. इंदूर ही होळकरांची राजधानी. १९४८ मध्ये मध्य भारत राज्य झाले, तेव्हा इंदूर उन्हाळ्यातील आणि ग्वाल्हेर हिवाळ्यातील राजधानी ठरली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला झाली आणि दोन्ही शहरांच्या हातून राजधानीपद एकाच दिवशी निसटले.

नागपूरला उपराजधानीचा मान आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन मिळाले. शिवाय उच्च न्यायालयाचे खंडपीठ, रिझर्व्ह बँकेचे कार्यालय, वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय, पर्यावरण अभियांत्रिकीची 'नीरी' ही संशोधन संस्था अशी कार्यालये तेथे आहेत. शहराच्या स्वभावात नोकरदारी मुरलेली आहे. इंदूरलाही उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, पण त्या शहराने व्यापाराचा मार्ग धरला. कापड गिरण्या मागे पडल्यावर घाऊक बाजारपेठा, जवळच्या पीथमपूरचे वाहन उद्योग आणि अलीकडे सुपर कॉरिडॉरवरील माहिती तंत्रज्ञान कंपन्या यांवर त्याची वाढ झाली.

स्थलांतर करणाऱ्यासाठी हा फरक व्यावहारिक आहे. केंद्रीय सेवेची काही वर्षे बाकी असतील, तर नागपूरला बदली मिळण्याची शक्यता अधिक, कारण तेथे केंद्राची कार्यालये अधिक आहेत. स्वतःचा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्याला इंदूरचा बाजार अधिक ओळखीचा वाटेल. खासगी नोकरी शोधणाऱ्याला नागपुरात मिहान आणि इंदुरात सुपर कॉरिडॉर हे पर्याय आहेत. मात्र दिल्ली, गुरुग्राम, नोएडा यांच्या परिसरात जेवढ्या नोकऱ्या उपलब्ध असतात, तेवढ्या या दोहोंपैकी कोठेही नाहीत. पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असतील, तर दुसरी नोकरी हाती येण्यापूर्वी दिल्लीचा निरोप घेणे धोक्याचे ठरते.

स्वच्छतेचा क्रमांक आणि नळाचे पाणी

इंदूरच्या बाजूने सर्वांत मोठा युक्तिवाद स्वच्छतेचा असतो आणि तो पोकळ नाही. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर सातत्याने अग्रस्थानी राहिले. ओला व सुका कचरा घरीच वेगळा करण्याची सवय तेथील नागरिकांनी खरोखर अंगी बाणविली. २०२२ मध्ये ओल्या कचऱ्यापासून दररोज ५५० टन क्षमतेने बायो-सीएनजी तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. दिल्लीतील गाझीपूरच्या कचऱ्याचा डोंगर पाहिलेल्या माणसाला इंदूरचे रस्ते नवलाचे वाटतात.

तथापि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस याच शहरातील भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत सांडपाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले, अनेकांचा मृत्यू झाला. मृतांच्या आकड्यावरून प्रशासन आणि रहिवासी यांच्यात मतभेद झाले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. स्वच्छतेची क्रमवारी प्रामुख्याने डोळ्यांना दिसणारा कचरा मोजते. जमिनीखालच्या जुन्या वाहिन्यांची अवस्था तिच्यात पुरेशी उमटत नाही. त्यामुळे इंदुरात घर पाहताना रस्त्यापेक्षा त्या वस्तीची जलवाहिनी किती जुनी आहे, ती सांडपाण्याच्या वाहिनीच्या किती जवळून जाते आणि पाण्याची तपासणी कधी झाली, हे विचारणे अधिक महत्त्वाचे ठरते.

इंदूरच्या पाण्याची दुसरी अडचण अंतराची आहे. शहराचे बहुतांश पाणी सुमारे ७० किलोमीटरवरील नर्मदेतून, मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून उपसून माळव्याच्या पठारावर चढवावे लागते. या उपशाचे वीजबिल महापालिकेच्या तिजोरीवरील मोठा भार आहे. तो कमी करण्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोखे विक्रीस काढून २४४ कोटी रुपये उभारले आणि जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला.

नागपूरचे पाणी पेंच आणि कन्हान नद्यांमधून येते. अंतर कमी असले तरी तेथेही निश्चिंती नाही. पेंच नदी मध्य प्रदेशातून येते आणि वरच्या बाजूला छिंदवाडा जिल्ह्यात चौराई धरण झाल्यापासून खाली येणारे पाणी घटले. जुलै २०१९ मध्ये पाऊस लांबला, तेव्हा नागपूर महापालिकेला दिवसाआड पाणी द्यावे लागले. पुढे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे उलट घडले. काही तासांच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदीचे पाणी घरांत शिरले आणि जीवितहानीही झाली. तलाव आणि नदी यांच्या काठची जागा नकाशावर रम्य दिसते. ती निवडण्यापूर्वी त्या पहाटे पाणी कोठवर आले होते, याची शेजाऱ्यांकडे चौकशी करावी.

मे महिना आणि हिवाळ्याची हवा

नागपूरचा कठीण महिना मे हा आहे. तापमान ४५ अंशांच्या पुढे जाणे तेथे असामान्य नाही आणि मे २०१३ मध्ये ते ४७ अंशांच्याही वर गेले होते. वृद्ध आईवडील बरोबर असतील, तर हा विचार टाळता येत नाही. दिल्लीही उन्हाळ्यात तापते, परंतु नागपूरचा उन्हाळा लवकर सुरू होतो आणि कूलर हा तेथील घराचा अविभाज्य भाग असतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. दुपारी तेथेही उन्हाचा चटका बसतो, पण माळव्याच्या रात्री निवतात, ही ख्याती जुनी आहे.

हवेच्या बाबतीत दोन्ही शहरे दिल्लीपेक्षा बरीच बरी आहेत. तरीही २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, म्हणजेच हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत, दोहोंचाही समावेश झाला. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावर चालणारी वीज केंद्रे आहेत. २०२५ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत इंदूरला पहिला क्रमांक मिळाला, परंतु हे सर्वेक्षण मुख्यत्वे शहरांनी केलेल्या उपाययोजनांना गुण देते. दम्याच्या रुग्णाने क्रमांकाऐवजी त्या त्या परिसरातील जानेवारी महिन्याची प्रत्यक्ष नोंद पाहावी.

शाळा, अधिवास आणि भाषा

मुले शाळेत असतील, तर निर्णयाची वेळच सर्वाधिक मोलाची ठरते. वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या सरकारी महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. महाराष्ट्रात या कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी सामान्यतः राज्यातूनच उत्तीर्ण असावी लागते. मध्य प्रदेशाचे अधिवासाचे नियम स्वतंत्र आहेत. एनआयटीमध्ये अर्ध्या जागा त्या राज्यातून बारावी झालेल्यांसाठी असतात. नागपुरात बारावी करणाऱ्याला तेथील व्हीएनआयटीत, तर इंदुरात करणाऱ्याला भोपाळच्या संस्थेत हा लाभ मिळतो. म्हणून आठवीत केलेले स्थलांतर आणि अकरावीत केलेले स्थलांतर यांचे परिणाम एकसारखे नसतात. अकरावीच्या तोंडावर दिल्ली सोडणारे कुटुंब दिल्लीचा कोटा गमावून नव्या राज्याच्या कोट्यालाही मुकण्याची शक्यता असते.

भाषेचा प्रश्न भावनिक वाटला तरी त्याचीही व्यावहारिक बाजू आहे. महाराष्ट्राने २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकविणे सक्तीचे केले. दिल्लीत वाढलेले मराठी मूल घरात मराठी बोलते, पण पुष्कळदा सफाईने लिहू शकत नाही. नागपुरात त्याला पहिली एक-दोन वर्षे जड जातील. त्यानंतर मात्र राज्यसेवेसह मराठीतून मिळणाऱ्या संधी त्याच्यासाठी खुल्या होतील.

इंदुरात तसे बंधन नाही. तेथील शाळा हिंदी आणि इंग्रजीच्या. तरीही इंदूरची मराठी परंपरा नागपूरहून उणी मानण्याचे कारण नाही. २००१ चे साहित्य संमेलन इंदुरातच झाले, विजया राजाध्यक्ष त्याच्या अध्यक्षा होत्या. 'सानंद'सारखी संस्था तेथे मराठी नाटके आणि संगीताचे कार्यक्रम भरविते. परंतु इंदूरची मराठी घर आणि मंडळ यांच्या बळावर टिकून आहे. दिल्लीत हे बळ ज्यांनी टिकविले, त्यांना ते तेथेही पुढे चालविता येईल. ज्यांच्या घरी ते आधीच क्षीण झाले आहे, त्यांनी इंदूर आपोआप मराठी जपेल, अशी अपेक्षा धरू नये.

प्रवास आणि उपचार

नागपूर हे दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या रेल्वेमार्गांचे संगमस्थान आहे. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्याने मुंबईही जवळ आली. शहरांतर्गत मेट्रोचे सुमारे ४० किलोमीटरचे जाळे डिसेंबर २०२२ पासून पूर्णत्वाने चालू आहे. इंदूरची मेट्रो मे २०२५ मध्ये सुमारे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर सुरू झाली, तर २०१३ पासून चालणारा बीआरटीएस मार्ग काढून टाकण्यास न्यायालयाने २०२५ मध्ये मान्यता दिली. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो पूर्ण झाल्यास इंदूर आणि महाराष्ट्र यांच्यातील अंतर कमी होईल. तूर्त मात्र स्वतःचे वाहन नसलेल्या निवृत्त माणसाला नागपुरात फिरणे सुकर आहे.

उपचारांच्या बाबतीतही नागपूरचे पारडे जड दिसते. तेथे एम्स आहे, जुने शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण येतात. इंदुरात महाराजा यशवंतराव रुग्णालय आणि अनेक खासगी रुग्णालये आहेत, परंतु मध्य प्रदेशातील एम्स भोपाळला आहे.

या सर्व बाबी एकत्र मांडल्या की कल स्पष्ट होतो. केंद्रीय सेवेतून निवृत्त होणारे, नियमित उपचारांवर अवलंबून असणारे आणि ज्यांची मुले आठवीच्या आत आहेत, अशा मराठी कुटुंबांना नागपूर अधिक सोयीचे आहे, मे महिना सोसण्याची तयारी असेल तर. व्यापार करू इच्छिणारे, उष्णतेने त्रस्त होणारे आणि ज्यांच्या मुलांचे शिक्षण पूर्ण झाले आहे, त्यांनी इंदूरचा विचार आधी करावा. मात्र वस्ती निवडताना पाण्याची चौकशी चुकवू नये.

दोन्ही बाबतींत दिल्लीतील घर विकून लगेच नवे घेण्याची घाई टाळणे हिताचे आहे. नव्या शहरात किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याच्या घरात काढल्यास मे महिन्यातील रात्र, जुलैमधील नळ आणि शाळेतील पहिले सत्र हे तिन्ही अनुभवास येतात. इंदूर-भोपाळ वंदे भारत गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपूरपर्यंत वाढविण्यात आली. त्यामुळे एका शहरात राहून दुसऱ्याची पाहणी करणेही आता कठीण राहिलेले नाही.