मशेरीचा डबा आणि पांढरे उंदीर

दिवाळीला घर झाडूनपुसून लख्ख होते. पण रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत मशेरीचा डबा तेवढा कोनाड्यात सुखरूप राहतो. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजली की ती दातांचे औषध बनते म्हणे! उंदरांवरच्या प्रयोगांचा दाखला दिला, तर उत्तर तयार: “आम्ही काय उंदीर आहोत?”

नाही, वहिनी. पण ऐका तरी. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात प्राण्यांना अन्नातून मशेरीच दिली, तेव्हा त्यांच्या जठराच्या पुढच्या भागात गाठी झाल्या. तंबाखूतले एनएनएन हे द्रव्य पाण्यातून पाजले, तर उंदरांच्या अन्ननलिकेत गाठी झाल्या. एनएनके कातडीखाली टोचले, तरी गाठी फुफ्फुसात! विष शिरते एका दाराने आणि पोखरते भलतीच खोली. प्राणी बदलला की अवयवही बदलू शकतो, हे कबूल. पण म्हणून माणूस सुटला काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ साली माणसांचाच हिशेब छापला: बिनधुराच्या तंबाखूने तोंडाचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो.

आजी नव्वदीपर्यंत जगली, हा पुरावा नव्हे. न जगलेल्या आज्या साक्षीला येत नाहीत. भाऊरायांनो, यंदा ओवाळणीत साडी जरूर घाला. पण बदल्यात तो डबा मागून घ्या.