कॉलनीची भाजी ताजी खरी, पण पाणी कुठले?

कॉलनीच्या मोकळ्या जागेत किंवा शाळेमागच्या पडीक तुकड्यावर चार घरांनी मिळून भाजी लावायची, ही चांगली प्रथा आपल्यासारख्या लहान शहरांतही रुजू लागली आहे. निवृत्त मंडळींना व्यायाम होतो, मुलांना मातीची ओळख होते आणि रोजच्या ताटात पालेभाजी येते. डॉक्टर म्हणून मी या उपक्रमाच्या बाजूचाच आहे. परंतु पोटाच्या तक्रारी घेऊन आलेले रुग्ण जेव्हा "आम्ही बाहेरचे काही खात नाही, भाजीसुद्धा कॉलनीतलीच" असे अभिमानाने सांगतात, तेव्हा मी एकच प्रश्न विचारतो : त्या भाजीला पाणी कुठले घालता?

नळाचे पाणी प्यायलाच पुरत नाही, म्हणून गटारीचे पाणी वळवले आहे, असे उत्तर अनेकदा मिळते. "त्यात खतच असते, भाजी कशी तरारते बघा!" असेही वर ऐकायला मिळते. भाजी तरारते हे खरेच, कारण सांडपाण्यात नत्र असते. पण त्याच पाण्यात माणसाची विष्ठाही असते आणि तिच्याबरोबर विषमज्वर, कावीळ, आमांश यांचे जंतू येतात. गोल जंतांची अंडी तर ओलसर मातीत महिनोन् महिने, कधी काही वर्षेही तग धरतात. डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात शिरणाऱ्या टेपवर्मची अंडी त्या माणसाच्या शौचातून गटारीत आणि तेथून कोथिंबिरीवर पोहोचतात. म्हणूनच ज्यांनी जन्मात मांसाला हात लावला नाही, अशांच्याही मेंदूत या कृमीच्या गाठी होऊन फिट्स येऊ शकतात.

जंतू शिजवल्याने मरतात. मातीतल्या शिसे, कॅडमियम अशा धातूंना मात्र चुलीचे भय नाही. हे धातू मुळांवाटे भाजीत शिरले, की धुऊन किंवा उकळून जात नाहीत. कोलकात्याजवळ धापा येथे शहराच्या कचऱ्याच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या भाजी पिकत आली. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला सांडपाण्यावर पालक, माठ पिकला. या दोन्ही ठिकाणच्या भाजीबद्दल हीच काळजी वारंवार व्यक्त झाली आहे. पेट्रोलमधले शिसे आपल्या देशात २००० साली बंद झाले, पण जुन्या रस्त्यांकडेच्या मातीत ते टिकून राहते. मुले मातीचे हात तोंडात घालतात आणि शिशाचा पहिला घाव त्यांच्या बुद्धीवर होतो. शिशाचे 'इतके चालेल' असे सुरक्षित प्रमाण नाही.

आता कुणी म्हणेल, "डॉक्टर, बाजारातली भाजी तरी कुठे शुद्ध आहे?" मुद्दा बरोबर आहे. पण बाजारच्या भाजीचे पाणी आपल्या हाती नाही, कॉलनीच्या भाजीचे आहे. मग घरच्या घरी तोच धोका का पिकवावा?

यासाठी काही गोष्टी कराव्यात. आधी जागेचा इतिहास जुन्या माणसांना विचारावा. तेथे पूर्वी उकिरडा, गॅरेज, बॅटरीचे दुकान किंवा जुन्या रंगवलेल्या बांधकामाचा राडारोडा होता का? नुसत्या मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबू नये. तिच्या १२ बाबींत शिसे व कॅडमियम नाहीत. शंका असल्यास खालची माती वापरू नये. विटा रचून उंच वाफा करावा आणि शेतातली माती व कुजलेले शेणखत भरावे. पालेभाज्या, मुळा, गाजर यांच्यापेक्षा भेंडी, वांगी, टोमॅटो, दोडका यांत हे धातू कमी उतरतात, म्हणून रस्त्याकडेच्या जागेत तीच लावावीत. बागेत कचरा जाळू नये. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात असे कच्चे खायचे पदार्थ वाहत्या पाण्यात तीन-चारदा धुवावेत. गटारीच्या पाण्यावरचे असतील तर कच्चे खाऊच नयेत.

पण सगळा भार गृहिणीच्या चाळणीवर टाकणे मला मान्य नाही. कॉलन्यांना रोपे आणि बियाणे वाटण्याचे कार्यक्रम होतात, फोटो छापून येतात. माझे म्हणणे असे, की नगरपालिकेने रोपांच्या आधी पाण्याची सोय द्यावी. बोअरचे पाणी किंवा छपरावरच्या पावसाची टाकी असली, तरी लहान बाग भागते. ज्या बागेला स्वच्छ पाणी नाही, तिथे भाजी लावूच नये. झेंडू, जास्वंद, शेवंती लावावी. देवाला वाहिलेले फूल कुणी खात नाही.